उपरण्याखालचा हात

लाईन गेली आणि त्या हातानं तिची करंगळी दाबली. एकदा, मग सोडून पुन्हा एकदा. मग सगळा पंजा तिच्या तळव्यावर मिटला, आणि घरात कुणी निजलेलं असताना दार उघडावं तसा, आवाज न करता, हळूहळू उघडत गेला. सत्यभामाच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुपारची वेळ होती, मौन नव्हतं. सकाळची पूजा आटोपून, नैवेद्य दाखवून, बोलायला मोकळी होऊनच ती घरून निघाली होती. पण त्या क्षणी कुणी तिचं नाव विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. पत्र्याखालचे पंखे गरगरत मंदावले आणि थांबले. नव्या रंगाचा वास अंधारात अंगावर आला. खामगावातलं हे जिनिंगचं जुनं गोदाम, त्याचं आता म्युझियम होत होतं, उद्या त्याचं उद्घाटन होतं, हे सगळं तिला ठाऊक होतं. आणि तरी उपरण्याखाली तिचा हात होता तो इथं नव्हता. तो अकोल्याच्या दवाखान्यात, हिरव्या चादरीखाली होता.

“घ्या! उद्या उद्घाटन अन् आज लाईन गेली,” टेबलापलीकडून धम्मरत्नचा आवाज आला. “काकू, अंधारात हात वढू नका हो, दोऱ्या लय नाजूक हायेत.”

तिनं हात ओढला नव्हताच. हा धम्मरत्न साखरखेर्ड्याचा. पुण्याला एका वर्कशॉपात म्युझियमसाठी लागणाऱ्या वस्तू बनवायचा. खामगावचं काम निघालं तेव्हा आपल्या जिल्ह्याचं म्हणून मागून घेतलं आणि दिवाळीपासून इथंच मुक्काम ठोकून होता. त्याच्या या कापूस दालनात काचेआडचं असं फार थोडं होतं. बाकी सगळं हात लावून बघायचं. लाकडी रेचा फिरवून सरकी वेगळी काढायची, कापसाच्या गाठीत आकडा रुतवून ती हलते का बघायची, भल्याथोरल्या तराजूत आपणच बसायचं. आणि सगळ्यात शेवटी, गादीतक्क्याच्या बैठकीवर, दलालाचा हात. पूर्वी या बाजारात कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसत, हातात हात घेत, वरून उपरणं टाकत आणि बोटं दाबून सौदा करत. पहिलं बोट धरलं की एक, मग त्याच्या शेजारचं धरत धरत दोन, तीन, चार. पंजा धरला की पाच. अंगठ्यानं तळवा घासला की नाही. तळव्यावर बोट आपटलं की कबूल. भोवती गर्दी वाकून बघत असली तरी आकडा त्या दोन तळव्यांच्या बाहेर जात नसे. पुढं उघडा लिलाव आला, माइक आला, आणि ती बोली ज्यांच्या बोटांत होती ती माणसं एकेक करून गेली. आता उपरण्याखाली होता तो रबराचा हात, आत बारीक मोटरी, दोऱ्या आणि स्प्रिंगा असलेला. येणाऱ्यानं आपला हात त्यात द्यायचा, हात भाव सांगणार, आपण ओळखायचा.

सत्यभामा काही बाजारात बसलेली बाई नव्हती. बाजारात बसत ते तिचे यजमान, शालिग्राम दलाल. हे नाव बाजारात. तिच्या मनात आजही नुसतं ‘ते’. लग्नानंतरचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं, तेव्हा सासूनं तिला देवापुढं बसवून व्रत दिलं होतं: सकाळी अंगावर पाणी घेतल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढं संजीवनी झाली, ती शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली, व्रत राहिलं. गुरुवार राहिला, एकादशी राहिली, तिन्हीसांजेची पोथी राहिली, पण सकाळच्या त्या न बोलण्याला जी गोडी होती ती कशालाच नव्हती. त्यांना मात्र सुरुवातीला त्याचा भारी त्रास. नैवेद्याला ऊन वर यायचं आणि त्यांची तर बाजाराची घाई. डबा झाला का, किल्ल्या कुठं ठेवल्या, येताना काय आणू? “देवाशी बोलनं अन् नवऱ्याशी मौन, हे कोन्या गावचं व्रत वं?” असं म्हणून पाय आपटत जायचे. मग एका सकाळी, आंघोळ झालेली, गंध लावलेलं, असे ते वाती वळत बसलेल्या तिच्याजवळ येऊन टेकले. खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या हातावर टाकलं, आणि खाली हात घालून तिचं पहिलं बोट दाबलं. ती दचकली. बघते तर ते तिच्याकडे बघतच नव्हते. बाजारात दलाल बघतो तसे, चेहरा कोरा ठेवून, फाटकातून जाणारी गाय बघत होते. “हे एक,” ते गाईला सांगावं तसं म्हणाले, “म्हंजे चहा. दोन म्हंजे डबा. तळवा घासला म्हंजे तू नाही म्हनून राह्यली.” तिनं लगेच तळवा घासला होता. चहा खरंच व्हायचा होता.

तिथून ती बोली घरात आली आणि राहिली. चहा-डब्याचं निमित्त मागं पडलं. काल बाजार कसा गेला, कोण कुणावर रुसलं, संजीवनीच्या शाळेत जायचं का, हे सगळं ते त्या पाच बोटांत कसंबसं बसवत, आणि नाही बसलं तर दोघं हात हातात तसाच ठेवून फाटकाकडे बघत बसत. हात बोलला तर मौन मोडतं का, असा प्रश्न तिला पडायचा. एकदा घरी कीर्तनकारबुवा जेवायला आले होते, तेव्हा अगदी ओठापर्यंत आला होता. तिनं विचारला नाही. मोडतं, असं ते म्हणाले असते तर? देव समोरच होते. त्यांनी काही मनाई केल्याचं दिसत नव्हतं.

ते गेल्यावर व्रत चुकलं नाही. एकही सकाळ चुकली नाही. पण गंमत अशी झाली, तिच्या हळूहळूच लक्षात आली, की नैवेद्य दाखवून ती बोलायला मोकळी व्हायची आणि बोलायला कुणी नसायचं. मौन सुटायचं आणि पुढं तसंच चालू राहायचं. दुपारी दूधवाल्याला ‘अर्धा’ म्हणायचं, संध्याकाळी शेजारच्या सिंधूताईंच्या जिन्यावरच्या चौकशीला ‘बरं आहे’ म्हणायचं, एवढ्यासाठी दिवसभर तोंड उघडं. न बोलायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं, हे तिला सासूनं सांगितलं नव्हतं. तिलाही बिचारीला माहीत नसेल.

आणि ती दवाखान्यातली संध्याकाळ. लकवा मारून त्यांची वाचा गेली होती. डोळे मिटलेले, तोंडात नळी. आत एकालाच बसू देत, आणि ती बसली होती. हिरव्या चादरीखाली त्यांचा उजवा हात तिच्या हातात होता. चादर होती म्हणूनच कदाचित तिला वाटलं असेल, की आता बोलतील. आणि बोलले. करंगळी दाबली. सोडली. पुन्हा करंगळी. मग पंजा मिटला आणि उघडला. तिला काहीच कळेना. करंगळीचं एकटीचं त्यांच्या बोलीत काही नव्हतं, ना घरच्या, ना बाजारच्या. ती मनात धावाधाव करून शोधत राहिली, काय असेल, काय म्हणताहेत, कानाशी वाकून “काय? काय म्हनता?” असं तोंडानं विचारलं. तोंडानं! त्यांना हातानं उत्तर द्यायचं तिला सुचलंच नाही. यंत्राचा आवाज बदलला, नर्स धावत आली, तिला खांद्याला धरून बाजूला केलं. तेव्हापासून ती करंगळी तिच्याजवळ होती. पोथी वाचताना, भाजी निवडताना, ती उजव्या हाताची करंगळी डाव्या हातात धरून बघायची. किल्ल्या? संजीवनी? काही राहिलं होतं का सांगायचं? करंगळी म्हणजे सगळ्यात लहान. कधी कधी तिला वाटे, ते पाळण्यातल्या त्या पहिल्या पोराविषयी बोलले. मी त्याच्याकडे जाऊन राह्यलो, असं म्हणाले. ज्या दिवशी असं वाटे तो दिवस बरा जाई.

म्हणूनच, म्युझियमची अर्पिता मॅडम “काकू, ती हाताची भाषा तुम्हाला येते असं कळलं” म्हणत दारात आली, तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. काम काही नाही, फक्त त्या यंत्राच्या हाताचा दाब बरोबर आहे का ते सांगायचं. तसे अजून एक जाणकार होते, उकंडराव; तिच्या नवऱ्याचे जन्माचे प्रतिस्पर्धी, आणि म्हणून जन्माचे मित्र. पण त्यांच्या हाताला आता कंप होता. रबराच्या हाताचा साचा मात्र त्यांच्याच हातावरून घेतला. दातवाला कवळीचं माप घेतो तसल्या गुलाबी लगद्यात मनगटापर्यंत हात बुडवून म्हातारा खुर्चीवर बसला होता आणि धम्मरत्न, हलू नका बाबा, हलू नका बाबा, असं विनवत होता.

“वयनी, पाहून ठेवा,” उकंडराव तिला म्हणाले, “सगळ्या बाजारात कोनाची मजाल नव्हती माया हात अडकवाची. अन् ह्या पोट्ट्यानं बादलीत अडकवला.”

“बोलू नका ना बाबा, हात हालते.”

“हात हालते त मी काय करू बे? तो माया ऐकते काय आता?” आणि मग तिच्याकडे वळून, “शाल्या असता त भांडला असता. म्हनला असता, उकंड्याचा हात म्युझियममंधी अन् माया काऊन नाही?”

ती पदराआड हसली होती. हसू ओसरल्यावर, साचा वाळेपर्यंत, तिनं हळूच विचारून घेतलं होतं. “भाऊजी, करंगळी एकटीच धरली तर काय होते?”

“एकटी?” म्हाताऱ्यानं भुवया चढवल्या. “करंगळी एकटी कोन धरन? पयल्या बोटापासून सुरू होते ना ते. तसा आकडाच नाही. काऊन?”

“काही नाही. असंच.”

आणि मग ते दिवस. रबराचा हात पहिल्यांदा फारच सभ्य होता, पुढाऱ्यानं शेकहँड करावा तसा. तिला तोंडानं सांगता येईना कसं दाबायचं ते. “मंग असं करू,” धम्मरत्न म्हणाला, “तुमी माया हातावर करून दाखवा, मी मोटरीले शिकवतो.” आणि उपरण्याशी हात नेऊन तो थांबला. “काकू, हात लावला त चालन ना?” सहज विचारलं त्यानं, खालच्या आवाजात, अगदी सवयीनं, आणि त्या सवयीनंच तिला कानकोंडं झालं. “अरे, त्यात काय,” ती म्हणाली. पण तिच्या उत्तराला क्षणभर उशीर झालेला तिनं स्वतःच ऐकला होता. सासूच्या हाताखाली गेलेली सगळी वर्षं त्या एका क्षणात बसलेली होती. घरी गेल्यावर देवापुढं दिवा लावताना तिला त्या उशिराचीच आठवण होत राहिली. त्याच्या बोटांना वायरी डागताना बसलेले चटके होते, नखांत काळं होतं, आणि तळवा गरम. कितीतरी दिवसांत माणसाचा हात तिच्या हातात आला नव्हता. संजीवनी यायची ती गळ्यात पडायची, पण हात असा कुणी हातात घेऊन बसत नाही. ती त्याला एक, दोन, चार, पंजा शिकवत गेली. घरच्या खुणा, चहाची, डब्याची, तिनं शिकवल्या नाहीत. सौद्यात समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, हे मात्र सांगितलं. “मंग कुठं पाहाचं?” “कुठंही. गाय पाहाची.” “इथी गाय कुठून आनू काकू?” तो हसला होता, आणि मग खरंच दाराकडे बघत बसला होता.

हे सगळं लाईन जाऊन येण्याच्या अवधीत तिच्यातून गेलं. दिवे लागले. पंखे सुरू झाले. उपरण्याखाली हातानं खाडकन पहिलं बोट धरलं, जसं काही झालंच नव्हतं.

“धम्मरत्न,” ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू, त्याला जवळ यावं लागलं. “आता लाईन गेली तेव्हा यानं काहीतरी केलं.”

“कायचं?”

“करंगळी धरली. दोनदा. मग पंजा.”

“अस्सं होय,” तो हसला, बैठकीखालची फळी उघडून आत डोकावला. “तिची दोरी आखूड पडली ना काकू. लाईन गेली की मोटरीतला जोर जाते, मंग स्प्रिंग वढते. करंगळी पयली येते.”

“दोनदा काऊन?”

“एकडाव झटका बसते, अन् वापस येऊन बसते. मंग बाकीची बोटं तिच्यामागं.”

“म्हणजे त्याला काही...” तिनं उपरण्याची कड सारखी केली. “तो काही सांगत नाही?”

“हात काय सांगन?” त्यानं फळीखालून डोकं बाहेर काढलं. “तो सांगून नाही राह्यला काकू. सुटून राह्यला.”

त्याच वेळी अर्पिता मॅडम आत आली, हातात हारवाल्याशी चालू असलेला फोन. उद्या उद्घाटनाला येणाऱ्या कलेक्टरसाहेबांचा हात उपरण्याखाली असताना लाईन गेली तर काय, हे धम्मरत्नकडून ऐकून तिनं कपाळाला हात लावला. “मग बॅटरी लावून टाक ना.” “लावतो. बॅटरी लावली म्हंजे लाईन गेली तरी हात जिथल्या तिथं थांबन. सुटनार नाही.” “हां. तेच कर. आजच.” आणि सत्यभामाकडे वळून, “काकू, तुमच्या यजमानांचं हे उपरणं उद्यापासून काचेत ठेवतोय हं. इथं दुसरं शिवून आणलंय तसंच. खराब नको व्हायला.”

“आज नको,” सत्यभामा म्हणाली.

“उपरणं?”

“बॅटरी. आजच्या दिवस राहू दे. उद्या सकाळी लावा.”

अर्पिता मॅडमनं धम्मरत्नकडे बघितलं. धम्मरत्ननं सत्यभामाकडे बघितलं. फोनमधला हारवाला हॅलो हॅलो करत होता. “उद्या सकाळी लावतो मॅडम,” तो म्हणाला, “काकूले विचारून.”

घरी येताना फरशी पुलावर लिंबांचे ढीग लागलेले होते, तिनं काही घेतलं नाही. तुळशीपुढं दिवा लावला. पोथी उघडली आणि डोळे ओळींवरून नुसते चालत गेले. सुटून राह्यला. किती साधं. इतकी वर्षं ती ज्याचा अर्थ लावत होती त्याला अर्थच नव्हता. कुठलीतरी दोरी आखूड होती, एवढंच. जोर गेला, ओढलं गेलं, सुटलं. ते पोराविषयी बोलले नव्हते. किल्ल्यांविषयी नाही, संजीवनीविषयी नाही. तिच्याशी ते बोललेच नव्हते. मग त्यांचं शेवटचं बोलणं कुठलं? आठवायला गेली तर आदल्या आठवड्यातली एक सकाळ आठवली, एक बोट, चहा. तोसुद्धा तिनं तळवा घासून नाकारला होता का दिला होता, ते आठवेना. फोन वाजला. संजीवनी. “आई, उद्या तुझा फोटो येणार म्हणे पेपरात. बोल ना काहीतरी. आई? ऐकू येतंय ना?” “येतंय,” ती म्हणाली. आणि अजून काहीतरी बोलायला हवं म्हणून, “लिंबं स्वस्त झाली,” असं म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ डाव्या हातानं करंगळी धरायला जाई आणि सोडून देई. आतून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं, आणि जिथून काढलं तिथं हात लागत नव्हता.

सकाळी तिनं आंघोळ केली, सोवळ्याचं लुगडं नेसली, देवघरात बसली. तुळशी वाहिल्या. नैवेद्याचं दूध चुलीवर तसंच होतं. अध्याय काढला, आणि अक्षराला अक्षर लागेना. थोडा वेळ तिनं वाट बघितली, देवांकडे बघितलं. मग उठून ताम्हनावर धूतवस्त्र झाकलं, येते अशी मनातल्या मनात त्यांची परवानगी घेतली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पूजा अर्धी ठेवून, मौन न सोडता, तशीच घराबाहेर पडली. रिक्षावाला म्हणाला, “कुठं जाचं काकू?” तिनं पुढं बोट केलं. प्रत्येक चौकात तो मागं वळायचा आणि ती बोट करायची. “मुक्या हायेत वाटते बिचाऱ्या,” तो शेजारी बसलेल्याला म्हणाला, आणि म्युझियमच्या फाटकाशी उतरताना तिनं हात जोडले तेव्हा त्यानंही मोठ्या दयेनं हात जोडले.

फाटकाला झेंडूची तोरणं बांधणं चालू होतं. मांडवात कुणीतरी माइकला फुंकर मारत होतं. आत दालनात धम्मरत्न एकटाच बैठकीजवळ फतकल मारून बसला होता, शेजारी निवलेला चहा, हातात बिस्किटाच्या पुड्याएवढी बॅटरी.

“आल्या का काकू? मी म्हनलं आता येता का नाही. मॅडम दोनदा येऊन गेल्या. लावू ना मंग?”

तिनं ओठावर बोट ठेवलं. त्याला क्षणभर कळलं नाही. मग त्याची नजर तिच्या ओल्या केसांवर, सोवळ्याच्या लुगड्यावर गेली. “हाव, तुमचं मौन,” तो म्हणाला, आणि जीभ चावून स्वतःही गप्प झाला.

ती बैठकीवर बसली. उपरणं अजून तेच होतं; काचेची पेटी कोपऱ्यात उघडी वाट बघत होती. तिनं हात आत घातला. रबराचा हात गार होता. तिनं दुसऱ्या हातानं भिंतीवरचं लाल बटण दाखवलं. धम्मरत्ननं बटणाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. उठला. बटण बंद केलं.

करंगळी. सुटली. पुन्हा करंगळी. मग पंजा मिटायला लागला. या वेळी तिनं काही शोधलं नाही. काय म्हणतोय ते वाचलं नाही. त्या संध्याकाळी जे सुचलं नव्हतं ते तिच्या बोटांनी आपणहून केलं. तिनं आपली पाचही बोटं त्या हाताभोवती मिटली आणि घट्ट धरला. स्प्रिंगा ओढल्या जात होत्या, आतून कुठंतरी बारीक करकर तिच्या तळव्याला लागत होती, आणि ती धरून होती. एकेक बोट सैल पडत गेलं. ती धरून होती. शेवटी अंगठाही पडला आणि तिच्या हातात नुसतं वजन राहिलं, तेव्हाही तिनं ते खाली टाकलं नाही. जपून, हलकेच, लहान मूल ठेवावं तसं गादीवर ठेवलं. कुणी तिला खांद्याला धरून बाजूला केलं नाही. बाहेर माइकमधून एक माणूस हॅलो, हॅलो म्हणत होता आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

तिचा हात उपरण्याखालीच होता. समोर धम्मरत्न येऊन बसलेला तिला कळलं ते गादी दबली तेव्हा. त्यानं उपरण्याच्या पलीकडच्या कडेनं आपला हात आत सरकवला. पार आत नाही आणला. मध्येच, तळवा वर करून, थांबला. या वेळी तोंडानं काही विचारलं नाही. तो दाराकडे बघत होता, जिथं गाय नव्हती. सोवळं, अंगावरचं ओलं, घरी झाकून ठेवलेलं ताम्हन, सासू, सगळं एकदम तिच्या मनात आलं आणि उंबऱ्याशी उभं राहिलं. तिनं त्यांना तिथंच राहू दिलं. आपला हात पुढं नेला आणि त्याच्या हातात दिला. या वेळी उशीर झाला नाही.

त्यानं तिच्या तळव्यावर एकदाच बोट आपटलं आणि थांबला. कबूल? लावू बॅटरी?

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. मोकळ्या दाराबाहेरून झेंडूचा एक लांबलचक हार दोन गड्यांच्या खांद्यांवरून चालला होता, तो तिनं शेवटपर्यंत जाऊ दिला. मग त्याच्या गरम, चटके पडलेल्या तळव्यावर तिनं बोट आपटलं. कबूल.

सौदा झाला की हात काढून घ्यायचे असतात; ते तिनंच त्याला शिकवलं होतं. बॅटरी लावायची होती, मॅडम तिसऱ्यांदा येतीलच, घरी देव खोळंबले होते. त्यानं हात काढला नाही, तिनंही नाही. नैवेद्याला अजून अवकाश होता. आणि कितीतरी दिवसांनी तिला कुणाशीतरी न बोलता बसता येत होतं.